दंडावरची कॅप्सूल

जळगावात मे महिन्यात कुणाला घाम फुटला तर त्याला कुणी आजार म्हणत नाही. त्यामुळे नेमीचंद कापडवाल्यांच्या सुगनबाईंच्या अंगातून वाफा निघायला लागल्या, तेव्हा पहिला उन्हाळा तसाच निघून गेला. कूलरमध्ये पाणी नाही म्हणून त्यांनी मुलाला, पारसला झापलं, मग कूलरवाल्याला झापलं, आणि नवा कूलर घरात आला तेव्हा त्या बिचाऱ्या कूलरलाही चार शब्द सुनावले. खरा घोळ लक्षात आला तो डिसेंबरात. अख्खी बळीराम पेठ स्वेटर-मफलर गुंडाळून फिरत होती, आणि सुगनबाई गच्चीवर उभ्या राहून पदरानं वारा घेत होत्या. समोरच्या गच्चीवरून शेजारीण म्हणाली, "काकीजी, बरं आहे ना?" सुगनबाई म्हणाल्या, "तुझं तू बघ!" आणि खाली येऊन ढसाढसा रडल्या. कशासाठी रडल्या, ते विचारलं असतं तर त्यांनाही सांगता आलं नसतं.

आता ही बाई रडणाऱ्यातली नव्हे हो! माहेर धुळ्याचं, आग्रा रोडवरच्या धान्य व्यापाऱ्याची लेक. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन जळगावात आली आणि सासू गेल्यावर घराच्या किल्ल्या कमरेला लावल्या त्या आजतागायत. घरात कांदा-बटाटा नाही. सूर्य मावळला की चौविहार, म्हणजे अन्न तर नाहीच, पाण्याचा घोटसुद्धा नाही. आणि कॅप्सूल नाही. कॅप्सूलचं आवरण जनावराच्या हाडा-कातड्यापासून करतात, हे सुगनबाईंनी जैन स्थानकात साधू-साध्वींच्या व्याख्यानात ऐकलं होतं आणि तेव्हापासून घरात नियमच केला होता. डॉक्टरनं दिलीच कॅप्सूल, तर ती उघडायची, आतली पूड पाण्यात कालवून प्यायची आणि टरफल फेकून द्यायचं. गल्लीतल्या बाया 'हे चालतं का, ते चालतं का' विचारायला त्यांच्याकडेच यायच्या. सुगनबाईंनी मान हलवली की विषय संपला. नेमीचंद तर म्हणायचे, "दुकानात मी मालक, घरात मी गिऱ्हाईक."

अशा बाईचं डोकं ठिकाणावर राहीना. रात्री डोळ्याला डोळा नाही. डाळीत मीठ दोनदा. स्थानकात सामायिक, म्हणजे ध्यान-पाठ, करताना लहानपणापासून पाठ असलेला पाठ मध्येच तुटला आणि पुढचा शब्द काही केल्या आठवेना. आजूबाजूच्या बाया बघायला लागल्या.  सुगनबाईंना आठवली त्यांची आई. पन्नाशीनंतर धुळ्याच्या त्या घरात आईचंही असंच झालं होतं. आधी आरडाओरडा, मग रडणं, मग बोलणंच बंद. लोक म्हणाले, डोक्यावर परिणाम झाला. तिला कुणी डॉक्टरकडे नेलं नाही, माडीवर खाट टाकून दिली. आपलंही आता तसंच होणार, या धसक्यानं सुगनबाई आणखीच चिडायला लागल्या.

भांडी घासायला येणारी भिकुबाई धरणगावकडची. ती सरळ म्हणाली, "अक्का, हाई तं बठ्ठ्या बायास्ले व्हस. मनी सासूले बी असंच व्हयेल व्हतं."

"मग काय केलं तिनं?"

"काय करी? मालेच बोलबोल बोलनी ना ती!"

हे सगळ्याच बायकांना होतं, एवढ्यानं काही सुगनबाईंचं समाधान झालं नाही. शेवटी सून पुढे सरसावली. रिद्धी साक्रीची, बोलायला कमी, पण एकदा मनात घेतलं की पाठ सोडणारी नव्हे. तिनं मोबाईलवर काय काय वाचलं आणि सासूला स्टेशनकडच्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बरोबर नेमीचंदही निघाले. कशाला, तर म्हणे सोबत.

डॉक्टरीणबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. सुगनबाई एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "मला आधीसारखी करा. बस. दुसरं काही नको."

तपासण्या झाल्या. छातीचा फोटो, सोनोग्राफी, रक्त. सगळं ठीक निघालं. मग डॉक्टर म्हणाल्या, "पाळी गेली की अंगातले हार्मोन कमी होतात. ते आपण बाहेरून देऊ. बायोआयडेंटिकल म्हणतात याला. म्हणजे तुमच्या शरीरात जे तयार होत होतं ना, हुबेहूब तेच."

"तेच आहे, तर शरीरानं ते बंद का केलं?" सुगनबाईंनी विचारलं.

डॉक्टर हसल्या. "वय, आजी, वय."

हे उत्तर सुगनबाईंना पटलं नाही. शरीर आपणहून जे बंद करतं ते पुन्हा चालू करायचं, म्हणजे निसर्गाच्या बाजूनं जायचं की विरुद्ध? पण विचारायला जीभ उचलेना, कारण तेवढ्यात कानामागून वाफ चढली.

नेमीचंदांनी मात्र संधी साधली. खाकरून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पुरुषांसाठी पण असतं का असं काही? नाही, म्हणजे, सहज. हल्ली जिना चढलो की दम लागतो. दुपारी गल्ल्यावर डुलकी येते."

"असतं. पण आधी रक्त तपासायचं, तेही सकाळी, आणि एकदा नाही, दोनदा. खरंच कमी असेल तरच देतात. आणि डुलकी तर जेवणानंतर सगळ्यांनाच येते."

सुई टोचून घ्यायची म्हटल्यावर नेमीचंद एकदम तंदुरुस्त झाले. "मी आपलं सहज विचारलं," म्हणत त्यांनी भिंतीवरचं चित्र बघायला सुरुवात केली.

डॉक्टरांनी औषध समजावलं. एक जेल, ते रोज दंडाला चोळायचं. आणि एक कॅप्सूल, रोज रात्री झोपताना. "जेल एकटं चालणार नाही हां. त्यानं गर्भाशयाच्या पिशवीचं अस्तर वाढत जातं. कॅप्सूल त्याला लगाम घालते. दोन्ही बरोबरच घ्यायचं." रिद्धीनं मान डोलावली. सुगनबाईंनी यातलं काहीच ऐकलं नाही. 'कॅप्सूल' आणि 'रात्री' हे दोन शब्द कानावर पडले तेव्हाच त्यांचे कान बंद झाले होते.

घरी आल्यावर त्या कॅप्सूल तळहातावर घेऊन बसल्या. नेहमीसारखी दोन टोकं ओढून उघडायला गेल्या, तर ती उघडेचना. गोल, गुळगुळीत, मण्यासारखी. बांगडीला सेफ्टीपिन अडकवलेली असतेच. ती काढून टोचली, तर आतून पूड नाही, तेल निघालं. आता आली का पंचाईत! तेल पाण्यात कालवून प्यायचं तर पाण्यावर तरंगणार. शिवाय रात्री पाणी कुठलं प्यायचं? कॅप्सूल घेतली नाही तर डॉक्टरांची आज्ञा मोडते, घेतली तर नियम मोडतो. सुगनबाई बराच वेळ त्या तेलाच्या थेंबाकडे बघत राहिल्या. मग त्यांना एकदम सुचलं. जेल तरी काय करतं? कातडीतूनच आत जातं ना? मग हे तेलही जाईल. दोन्ही औषधं एकाच कामाची, एकाच डॉक्टरची. एक दंड जेलचा, एक दंड कॅप्सूलचा. पोटात काही गेलं नाही म्हणजे आवरणाचं पाप नाही, आणि चोळायला रात्र काय नि दिवस काय, चौविहारही शाबूत. एका दगडात दोन पक्षी! छे, जैनाच्या घरात ही म्हण नको. एका खेपेत दोन कामं म्हणू.

स्वतःच्या हुशारीवर त्या इतक्या खूश झाल्या की कुणाला सांगावंसंही वाटलं नाही. आणि सांगायचं तरी काय? औषध वेळेवर चाललं होतं. रोज उजव्या दंडाला जेल, डाव्या दंडाला टोचलेल्या कॅप्सूलचं तेल. एक दिवस खाडा नाही. हातात घेतलेलं काम अर्धवट सोडणं हे त्यांच्या रक्तातच नव्हतं.

आणि गुण आला की हो! महिनाभरात वाफा ओसरल्या, झोप लागायला लागली. सामायिकाचा पाठ पहिल्यापासून शेवटपर्यंत न अडखळता झाला, त्या दिवशी सुगनबाईंनी स्थानकातून येताना रिद्धीसाठी गजरा घेतला. रिद्धी तो गजरा हातात घेऊन बघतच राहिली. नात विधी शाळेतून आली की आजी तिच्याबरोबर पत्ते खेळायला बसायची, आणि चक्क हरायची. पारस एकदा दुकानातून उशिरा आला, तर आई नुसतं म्हणाली, "दमलास का रे?" त्यानं घाबरून बायकोला विचारलं, "काय झालं? कुणी गेलं का?"

सुगनबाई मनात म्हणाल्या, झाले मी परत आधीसारखी.

आणि मग एक दिवस सकाळी रक्त दिसलं.

सहा वर्षांपूर्वी बंद झालेलं. सुगनबाई बाथरूममध्येच उभ्या राहिल्या. हे काय? पाळी परत आली? या वयात? मग त्यांना वाटलं, डॉक्टर म्हणालीच होती ना, जे होतं हुबेहूब तेच देऊ म्हणून. तेच दिलं, तर तेच आलं. मग वाटलं, नाही, हे काहीतरी वाईट आहे. मग वाटलं, हे पाप फळलं, शरीर गप्प बसलं होतं त्याला आपणच डिवचलं. तिन्ही गोष्टी एकदम खऱ्या वाटत होत्या आणि त्यातली कुठली धरून रडावं तेच कळत नव्हतं.

लपवायची तर सोयच नाही. त्यांच्या घरात त्या दिवसांत बाई बाजूला बसते; स्वयंपाकघरात नाही, स्थानकात नाही. नियम सुगनबाईंनीच लावलेला, त्यातून त्यांना सूट कोण देणार? त्या मागच्या खोलीत चटई टाकून बसल्या, आणि दुपारपर्यंत सगळ्या घराला कळलं. भिकुबाई दारात उभी राहून गालाला हात लावून म्हणाली, "अक्का, या वयमा परत? हाई काय नवीनच शे!" नेमीचंदांनी गंमत करायचा प्रयत्न केला, "पारसची आई, तू तर तरुण झालीस!" पण बायकोचा चेहरा बघून त्यांचं हसू जागीच विरलं, आणि ते देवाचं नाव घेत दुकानात गेले.

रिद्धी त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे घेऊन गेली. सोनोग्राफीत अस्तर जाड झालेलं दिसलं. आतला तुकडा काढून तपासायला पाठवला. 

रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. नेमीचंदांनी तिथंच हात जोडले. पण डॉक्टरांच्या कपाळावरच्या आठ्या काही गेल्या नाहीत.

"कॅप्सूल रोज घेत होतात ना?"

"रोज," सुगनबाई म्हणाल्या. "एक दिवस चुकवली नाही."

"नक्की?"

"मी खोटं बोलत नाही."

डॉक्टर खुर्चीत मागे रेलल्या. "मग मला कळत नाही. कॅप्सूल पूर्ण घेऊनसुद्धा अस्तर एवढं वाढत असेल, तर मला थांबायची भीती वाटते. आज कॅन्सर नाही, पुढचं कोण सांगणार? माझं मत विचाराल तर पिशवी काढून टाकू. पुढच्या आठवड्यात या भरती व्हायला."

पिशवी काढायची! घरापर्यंत सुगनबाई गाडीत तेच घोळवत राहिल्या. मरणाची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती निराळी होती. पिशवी गेली की जेल जाणार, जेल गेलं की वाफा येणार, झोप जाणार, पाठ तुटणार, आणि एक दिवस कुणीतरी माडीवर खाट टाकणार. आधीसारखी व्हायला गेले, आणि आधी होते तेवढीही उरणार नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं.

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात पुन्हा डाग दिसले आणि त्या पुन्हा मागच्या खोलीत बसल्या. योग असा की दुसऱ्याच दिवशी रिद्धीही येऊन शेजारच्या चटईवर बसली. सासू-सून दोघी बाजूला, आणि स्वयंपाकघरात बाप-लेक खिचडीशी झुंजत होते. भांड्यांचे आवाज येत होते. विधी मध्येच येऊन सांगून गेली, "पप्पांनी हळद टाकलीच नाही."

दिवेलागण झाली. सुगनबाईंनी सवयीप्रमाणे उजव्या दंडाला जेल चोळलं. मग पाकिटातून कॅप्सूल काढली, बांगडीची सेफ्टीपिन काढली, टोचली, आणि डाव्या दंडावर पिळून चोळायला लागल्या.

रिद्धीनं मोबाईल खाली ठेवला. "मम्मीजी, हे काय करताय?"

"औषध घेतेय."

"असं?"

"मग कसं? ते आवरण काय गिळायचं होतं मी? आणि रात्री पाण्याबरोबर?" सुगनबाईंनी सगळी युक्ती सांगितली. सांगताना त्यांच्या आवाजात थोडा तोराही होता.

रिद्धी आधी हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मग ते हसणं राहिलंच नाही. "अहो मम्मीजी, ते दंडाला चोळून काही होत नाही! ते पोटातच जावं लागतं. म्हणजे तुम्ही इतके महिने नुसतं जेलच घेतलंत. आणि डॉक्टर तुमची पिशवी काढायला निघाल्यात!"

सुगनबाईंचा हात दंडावरच थांबला. "मला कुणी सांगितलं नाही, चोळून होत नाही म्हणून."

"तुम्ही मला विचारायचं ना."

"तुला काय विचारायचं? कॅप्सूलचा नियम तुलाही ठाऊक आहे."

 रिद्धी म्हणाली, "विधी पोटात होती तेव्हा मला रक्त कमी होतं. डॉक्टरनं कॅप्सूल दिल्या होत्या. मी गच्चीवर जाऊन आख्ख्या गिळायचे. सगळे महिने."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्हाला?" रिद्धी म्हणाली. "मम्मीजी, तुम्हाला कोण सांगणार?"

 सुगनबाई दंडावरचं तेल पदरानं पुसत बसल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सगळं ऐकलं आणि पेन टेबलावर ठेवून दिलं. "जेल कातडीतून जावं म्हणूनच तसं बनवलेलं असतं, आजी. हे तेल तसं नाही. आणि आवरणाची अडचण होती, तर बिनआवरणाची साधी गोळी मिळते! दिवसाउजेडी घेतलीत तरी मी काही म्हटलं नसतं. विचारायचं तरी होतं!"

"तुम्ही तरी विचारायचं होतं," सुगनबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी पेन परत उचललं. "हो," त्या म्हणाल्या. "मी 'घेता ना' एवढंच विचारलं, कशी घेता ते विचारलं नाही."

ऑपरेशन थांबलं. आता गोळी रोज, आणि काही महिन्यांनी परत तपासणी. अस्तर उतरलं तर पिशवीला हात लावायची गरज नाही. नेमीचंदांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की बाहेरची कंपाउंडर आत डोकावली.

"राहता राहिलं जेल," डॉक्टर म्हणाल्या. "गोळी नीट घेणार असाल तर चालू ठेवू, डोस कमी करून. नको असेल तर बंद करू. मग त्रास थोडाफार परत येईल. तुम्ही ठरवा."

सुगनबाई गोंधळल्या. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचं ठरवलं होतं. "मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या, "मला आधीसारखी व्हायचंय. झाले होते मी. कशानं राहीन तशी, ते सांगा."

"आधीसारखी नाही झालात," रिद्धी म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. पण ती थांबली नाही. "वाफा सुरू व्हायच्या आधीसुद्धा, मम्मीजी, मला तुमची भीतीच वाटायची. ह्यांनाही वाटायची. घरात पाऊल टाकायच्या आधी आम्ही कान देऊन ऐकायचो, तुमचा आवाज कुठल्या खोलीतून येतोय ते. तुम्ही गजरा आणलात ना, त्या दिवशी मी तो घालू की नको हेच मला कळेना. डॉक्टर, आधीसारखी नका करू. आत्ता आहेत तशाच राहू द्या ना."

नेमीचंदांनी सुनेला गप्प करायला हात उचलला आणि तसाच खाली ठेवला. सुगनबाईंनी ते पाहिलं.

राग यायला हवा होता. सुगनबाई त्याची वाटच बघत बसल्या. असल्या बोलण्यावर त्यांचा राग कधी मागे राहिलेला नव्हता. पण तो काही आला नाही. जेलमुळे आला नाही, की पोर खरं बोलली म्हणून आला नाही, हे त्यांना कळेना.  जिला इतके दिवस आपण परत मागत होतो, ती बाई घरात कुणालाच नको होती, आणि हे आपल्याला छप्पन्नाव्या वर्षी, एका डॉक्टरच्या खोलीत कळतंय, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

डॉक्टर वाट बघत होत्या.

"लिहा," सुगनबाई शेवटी म्हणाल्या. "गोळी लिहा, जेलही राहू द्या. आत्ता इथं जी कोण बसलीय ना, तिची माझी अजून नीट ओळख नाही. पण सुनेला चालतेय."